‘उचलून आणा’ एवढं सोपं असतं का?

१० एप्रिल २०२५ची संध्याकाळ आठवतेय? तहव्वूर राणाला घेऊन निघालेलं विमान अमेरिकेहून दिल्लीत उतरलं आणि तुमच्या-आमच्या सगळ्या ग्रुपवर एकच धुमाकूळ सुरू झाला. स्टोरीवर तिरंगा, खाली ‘फायनली!’, आणि अर्ध्या तासात मीम्ससुद्धा तयार. दुसऱ्या दिवशी आमच्या कॅन्टीनमध्ये कटिंगचे दोन राउंड फक्त याच विषयावर झाले. एक मित्र टेबलावर हात आपटत म्हणाला, ‘सोळा वर्षं लागली यार! तेवढ्यात आपण केजीतून ग्रॅज्युएशनला आलो. सरळ उचलून आणायचं ना!’ दुसरी मैत्रीण म्हणाली, ‘आणि तो हेडली? रेकी तर त्याने केली. तो कधी येणार?’

खरं सांगू? मी गप्प बसले. पत्रकारितेची विद्यार्थिनी, डेस्कवर इंटर्न, आणि या दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला येत नव्हतं. त्याच आठवड्यात मी एका कॉपीत बिनधास्त लिहिलं होतं, की ‘रेड कॉर्नर नोटीस म्हणजे आंतरराष्ट्रीय अटक वॉरंट’. सीनिअरने त्या वाक्यावर लाल पेनने अशी काट मारली, की कागद फाटायचा बाकी होता. मग ठरवलं, हा विषय एकदा नीट समजून घ्यायचाच. तुम्हालाही माझ्यासारखाच प्रश्न पडला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

हद्द कोणाची?

मोबाइल चोरीला गेल्यावर तक्रार द्यायला गेलात आणि ‘ही आमची हद्द नाही, पलीकडच्या पोलीस स्टेशनला जा’ असं ऐकलंत, असं तुमच्यापैकी अनेकांचं झालं असेल. एका शहरातल्या दोन पोलीस स्टेशनांमध्ये हद्दीचा एवढा घोळ होतो, तर दोन देशांचं काय होत असेल? मुंबई पोलिसांचा अधिकार शिकागोत चालत नाही आणि एफबीआयवाल्यांना मुंबईत कोणाला बेड्या घालता येत नाहीत. दुसऱ्या देशात जाऊन गुपचूप माणूस उचलला, तर तो त्या देशाच्या कायद्यानुसार सरळ अपहरणाचा गुन्हा ठरू शकतो.

मग उरतो तो कागदाचा रस्ता. यात मुख्यतः तीन प्रकार आहेत. माणूस हवा असेल तर प्रत्यार्पण. पुरावा हवा असेल, म्हणजे बँकेचे तपशील, फोनचे रेकॉर्ड, साक्षीदाराचा जबाब, तर परस्पर कायदेशीर साहाय्य करार. हे असे करार ‘एमएलएटी’ या नावाने ओळखले जातात. आणि करार नसेल तर आपलं कोर्ट तिकडच्या कोर्टाला किंवा अधिकाऱ्यांना विनंतीपत्र पाठवतं, त्याला ‘लेटर रोगेटरी’ म्हणतात. भारत आणि अमेरिका यांच्यात प्रत्यार्पण करार १९९७ साली झाला. साहाय्य करारावर २००१ मध्ये सह्या झाल्या आणि तो लागू झाला २००५ मध्ये. म्हणजे २६/११ घडलं तेव्हा दोन्ही रस्ते तयार होते. नसते, तर पुढची गोष्ट बहुधा वेगळीच झाली असती.

आता माझी ती लाल काट. इंटरपोलचं मुख्यालय फ्रान्समधल्या ल्यों शहरात आहे आणि १९६ देश त्याचे सदस्य आहेत. पण इंटरपोलचे स्वतःचे बंदूकधारी पोलीस नसतात. सिनेमात दिसतात तसे ते कोणाच्या मागे धावत नाहीत. रेड नोटीस म्हणजे एका देशाने बाकीच्या देशांना केलेली विनंती, की ‘हा माणूस आम्हाला हवाय, सापडला तर शोधून तात्पुरता ताब्यात घ्या’. ती किती मानायची, हे प्रत्येक देश आपापल्या कायद्याप्रमाणे ठरवतो. आपल्याकडे इंटरपोलशी बोलायचं काम सीबीआय करतं.

सहा अमेरिकन आणि एक सौदा

२६/११च्या हल्ल्यात १६६ जणांचा जीव गेला. त्यात सहा अमेरिकन नागरिक होते. म्हणून अमेरिकेलाही स्वतःच्या कोर्टात खटला चालवायचा अधिकार मिळाला. ऑक्टोबर २००९मध्ये शिकागो विमानतळावर डेव्हिड हेडली पकडला गेला. मूळ नाव दाऊद गिलानी. भारतात सहज शिरता यावं म्हणून त्याने नाव बदललं होतं. ताडदेवला इमिग्रेशनचं ऑफिस थाटून तो मुंबईत बिझनेसमन म्हणून वावरत होता आणि ताज, सीएसटी, किनारा असं सगळं कॅमेऱ्यात टिपत होता.

मार्च २०१०मध्ये त्याने अमेरिकन कोर्टात गुन्हा कबूल केला. बदल्यात त्याला काय मिळालं? फाशी नाही, आणि भारत, पाकिस्तान किंवा डेन्मार्क यांच्यापैकी कुठेही पाठवणी नाही. कॅन्टीनमधल्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. हेडली येणार नाही, कारण अमेरिकी सरकारने त्याला तसं लिहून दिलंय. २०१३मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली.

वाचून चिडचिड होते ना? मलाही झाली. पण त्याच सौद्यात अजून एक अट होती. परदेशी कोर्टात किंवा तपास यंत्रणेपुढे साक्ष द्यावी लागेल, तिथे टाळाटाळ चालणार नाही. त्याच अटीच्या जोरावर जून २०१०मध्ये एनआयएचं पथक शिकागोला जाऊन त्याची चौकशी करून आलं. आणि फेब्रुवारी २०१६मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयातल्या स्क्रीनवर हेडली दिसला. अमेरिकेतल्या अज्ञात ठिकाणी तो, इकडे न्यायाधीश, आणि सवाल करायला विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम. मधे एक दिवस तर लिंकच नीट लागली नाही आणि काम पुढे ढकलावं लागलं. ऑनलाइन लेक्चरची आपली पिढी, आपल्याला हे दुःख वेगळं सांगायला नको!

ही साक्ष ज्याच्या खटल्यात झाली, तो झबीउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदाल हा आपल्या बीड जिल्ह्यातल्या गेवराईचा. त्याला २०१२मध्ये सौदी अरेबियाने भारतात पाठवलं. हल्ल्याआधी दोनदा प्रयत्न फसले होते, हे हेडलीने याच साक्षीत शपथेवर सांगितलं.

आणि हो, व्हिडिओवरची साक्ष चालते हे काही त्या दिवशी अचानक ठरलं नाही. २००३ साली सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्र सरकारच्याच एका केसमध्ये तसा निकाल दिला होता. ती केस दहशतवादाची नव्हती, डॉक्टरविरुद्धची होती, आणि साक्षीदार डॉक्टर अमेरिकेत होते. कुठल्या तरी साध्या केसमध्ये पडलेला पायंडा तेरा वर्षांनी २६/११च्या कामी आला.

पोर्तुगालला दिलेला शब्द

आता थोडं मागे जाऊ. १२ मार्च १९९३. मुंबईत एकापाठोपाठ एक बारा स्फोट, २५७ मृत्यू. त्या खटल्यातला एक फरार आरोपी अबू सालेम सप्टेंबर २००२मध्ये पोर्तुगालची राजधानी लिस्बनमध्ये सापडला. झालं, आणा उचलून! पण तेव्हा भारत आणि पोर्तुगाल यांच्यात प्रत्यार्पण करारच नव्हता. तो झाला २००७मध्ये.

मग कसं आणलं? १९९७ साली संयुक्त राष्ट्रांमध्ये बॉम्बस्फोटांविरुद्धचं एक आंतरराष्ट्रीय कन्व्हेन्शन तयार झालं होतं. भारत आणि पोर्तुगाल दोघेही त्यात होते. त्याचा आणि ‘आज तुम्ही मदत करा, उद्या आम्ही करू’ या परस्परतेच्या तत्त्वाचा आधार घेऊन भारताने मागणी केली.

पुढचा अडथळा मोठा होता. पोर्तुगालने साध्या गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ सालीच रद्द केलीय. तिथे जन्मठेपही नाही. जास्तीत जास्त शिक्षा २५ वर्षं. जिथे फाशी होईल किंवा मरेपर्यंत आत ठेवतील, अशा देशात माणूस सोपवायला त्यांची राज्यघटनाच अडवते. म्हणून डिसेंबर २००२मध्ये तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी भारत सरकारच्या वतीने लेखी हमी दिली, की सालेमला फाशी होणार नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद होणार नाही. तरीही तीन वर्षं गेली. पोर्तुगालने आधी खोट्या कागदपत्रांच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर स्वतःचा खटला चालवला, मग तिकडच्या वरच्या कोर्टांपर्यंत प्रकरण गेलं, आणि नोव्हेंबर २००५मध्ये तो मुंबईत आला.

गंमत इथे संपत नाही. प्रत्यार्पणात एक नियम असतो. ज्या गुन्ह्यांसाठी माणूस मागितला, त्याच गुन्ह्यांचा खटला चालवायचा. आणल्यावर हळूच आणखी कलमं लावायची नाहीत. म्हणजे बघा, तुम्ही मित्राकडून बाइक स्टेशनपर्यंत जायला म्हणून घेतलीत आणि थेट लोणावळ्याला गेलात, तर पुढच्या वेळी तो किल्ली देईल का? भारतात सालेमवर नंतर लावलेल्या काही आरोपांवरून २०११मध्ये लिस्बनच्या कोर्टाने म्हटलं, की भारताने अट मोडली. शेवटी २०१३मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने काही आरोप मागे घ्यायला परवानगी दिली.

२०१७मध्ये विशेष टाडा कोर्टाने सालेमला १९९३च्या खटल्यात जन्मठेप सुनावली. पण जुलै २०२२मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं, की पोर्तुगालला दिलेला शब्द सरकारला पाळावाच लागेल. शिक्षेची मोजणी १२ ऑक्टोबर २००५पासून, आणि २५ वर्षं भरली, की सुटकेसाठी सरकारने पावलं उचलायची.

बॉम्बस्फोटात घरातलं माणूस गमावलेल्या कुटुंबाच्या जागी स्वतःला ठेवून हे वाक्य पुन्हा वाचा. पचायला जड आहे, आणि असणारच. पण दुसरी बाजूही बघा. शब्द दिला नसता, तर तो आलाच नसता. आणि शब्द देऊन मोडला असता, तर पुढचा सालेम कुठल्याही देशाने दिला नसता.

राणाला पाच वर्षं का लागली?

आता कॅन्टीनमधल्या पहिल्या प्रश्नाकडे. राणा शिकागोत पकडला गेला तोही २००९मध्येच. २०११मध्ये तिथल्या ज्युरीने त्याला लष्कर-ए-तैयबाला मदत केल्याबद्दल आणि डेन्मार्कमधल्या एका वृत्तपत्रावर हल्ल्याच्या कटात दोषी धरलं. मुंबई हल्ल्याला मदत केल्याच्या आरोपातून मात्र तो सुटला. त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली. २०२०मध्ये कोविडच्या काळात तब्येतीच्या कारणावरून सुटका मिळाली आणि लगेच भारताच्या विनंतीवरून त्याला पुन्हा अटक झाली.

राणाच्या वकिलांचा मुद्दा तुम्हालाही पटेल असा होता. एकाच गुन्ह्यासाठी माणसावर दोनदा खटला कसा चालवणार? आपल्याही राज्यघटनेत हे तत्त्व आहे, आणि भारत-अमेरिका प्रत्यार्पण करारातही तसं कलम आहे. मे २०२३मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोर्टाने पाठवणीला हिरवा कंदील दाखवला. ऑगस्ट २०२४मध्ये अपील कोर्टाने म्हटलं, की घटना एक असली तरी भारताने लावलेले गुन्हे वेगळे आहेत, त्यांचे घटक वेगळे आहेत, म्हणून ही ‘दोनदा शिक्षा’ नाही. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने दार बंद केलं. त्यानंतरही त्याने, भारतात माझा छळ होईल, म्हणून थांबवा, असा अर्ज केला. तोही नाकारला गेला. मग ते विमान निघालं.

म्हणजे सोळा वर्षांत ती फाइल नुसती धूळ खात पडली नव्हती. आधी अमेरिकेचा खटला आणि शिक्षा, मग पाच वर्षं एकेका पायरीवरचं कोर्ट. राणाला प्रत्येक पायरीवर वकील होता, म्हणणं मांडायची संधी होती. आणि भारतात त्याच्यावरचे आरोप अजून कोर्टात सिद्ध व्हायचे आहेत, हेही स्टोरी टाकताना विसरू नका.

एक उलटतपासणी राहिली, आणि...

कागद नीट नसेल तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या मुंबईतच घडलंय.

२६/११चा एक खटला पाकिस्तानातही सुरू झाला होता. झकीउर रहमान लखवीसह सात जणांवर. तिथल्या कोर्टासाठी जबाब घ्यायला मार्च २०१२मध्ये पाकिस्तानचं न्यायिक पथक मुंबईत आलं. कसाबचा कबुलीजबाब नोंदवणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यांसह चार साक्षीदारांचे जबाब झाले. पण आरोपींच्या वकिलांना उलटतपासणी करू द्यायची नाही, असं दोन्ही सरकारांमध्ये ठरलं होतं. पथक परत गेलं आणि जुलैमध्ये रावळपिंडीच्या कोर्टाने सगळे जबाब बाद ठरवले. कारण? उलटतपासणी झाली नाही, तर तो पुरावाच नाही. सप्टेंबर २०१३मध्ये दुसरं पथक आलं, सगळं पहिल्यापासून झालं, यावेळी उलटतपासणीसह. दीड वर्ष पाण्यात. २०१५मध्ये लखवी तुरुंगातून जामिनावर बाहेर होता.

तिकडच्या सरकारची इच्छा किती होती, यावर वाद घालता येईल, आणि तो मोठाच मुद्दा आहे. पण निदान एक सबब आपण हातात द्यायला नको होती.

याच्या उलट कसाबच्या खटल्यात बघा. अमेरिकेच्या एफबीआयने हल्लेखोरांच्या जीपीएस यंत्रांमधला डेटा काढून दिला. हल्लेखोरांशी बोलायला त्यांच्या म्होरक्यांनी न्यू जर्सीतल्या एका कंपनीची इंटरनेट फोन सेवा वापरली होती, त्याचा माग लागला. आणि एफबीआयचे लोक नुसता रिपोर्ट पाठवून थांबले नाहीत, मुंबईच्या विशेष कोर्टात त्यांनी साक्षही दिली. अकरा हजारांहून जास्त पानांचं ते आरोपपत्र नुसत्या रागावर उभं राहिलं नव्हतं. तुकाराम ओंबळे यांनी जिवाची बाजी लावून एक हल्लेखोर जिवंत पकडून दिला. त्यानंतरचं काम कागद, वायर आणि यंत्रांचं होतं.

ताजमध्ये भरलेली मीटिंग

तुम्ही म्हणाल, अमेरिका-भारत ठीक आहे, त्यांच्याकडे लॅब आहेत, वकील आहेत. पण छोट्या देशाचं काय? दहशतवाद्यांचा पैसा ज्या बँकेतून फिरला, ती बँक एखाद्या छोट्या बेटावर असेल आणि तिथे त्यासाठी कायदाच नसेल तर?

इथे येते ‘तांत्रिक साहाय्य’ नावाची गोष्ट. शब्द कंटाळवाणा आहे, पण काम महत्त्वाचं. ९/११नंतर सतराच दिवसांनी, २८ सप्टेंबर २००१ला, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १३७३ क्रमांकाचा ठराव केला. दहशतवादाला पैसा पुरवणं गुन्हा ठरवा, आसरा देऊ नका, तपासात एकमेकांना मदत करा, हे सगळ्या देशांना बंधनकारक झालं. त्यावर लक्ष ठेवायला दहशतवादविरोधी समिती नेमली गेली. पण नुसता आदेश देऊन भागत नाही. म्हणून कायद्याचा मसुदा करून देणं, न्यायाधीश आणि सरकारी वकिलांना ट्रेनिंग देणं, विनंतीपत्र कसं लिहायचं ते शिकवणं, अशी कामं व्हिएन्नातलं संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालय करतं.

हीच समिती २८ ऑक्टोबर २०२२ला मुंबईत भरली. कुठे, तर ताजमहाल पॅलेस हॉटेलमध्ये! ज्या इमारतीतून तीन दिवस धूर निघताना आपण टीव्हीवर बघितला, तिथेच पंधरा देशांचे प्रतिनिधी बसले. हल्लेखोरांना फोनवरून सूचना देणाऱ्याचा आवाज त्यांना ऐकवला गेला. दुसऱ्या दिवशी दिल्लीत, ड्रोन, सोशल मीडिया आणि ऑनलाइन पैसा यांच्या गैरवापराबद्दल जाहीरनामा झाला. संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवादविरोधी निधीला भारताने पाच लाख डॉलर जाहीर केले.

भारत नुसती मदत मागत नाही, देतोही. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचा, म्हणजे एनएफएसयूचा, एक कॅम्पस २०२३मध्ये युगांडातल्या जिंजा शहरात सुरू झाला. म्हणजे आफ्रिकेतली मुलं फॉरेन्सिक सायन्स भारतीय विद्यापीठात शिकतायत.

पण एक मिनिट...

हे सगळं ऐकून ‘वा, काय सिस्टीम आहे’ असं वाटत असेल, तर थोडं थांबा.

‘दहशतवादी’ म्हणजे नक्की कोण, यावर जगाचं अजून एकमत नाही. भारताने १९९६मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे सर्वंकष कराराचा मसुदा ठेवला. आपल्यापैकी बहुतेकांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता. तो आजही अडकलेला आहे. स्वातंत्र्यासाठी लढणारे आणि देशांची सैन्यं यांना व्याख्येत कसं बसवायचं किंवा वगळायचं, इथेच गाडी थांबते.

दुसरं, हीच यंत्रणा एखादं सरकार आपल्या टीकाकाराला पकडायला वापरू शकतं. म्हणून इंटरपोलच्या घटनेत राजकीय, लष्करी, धार्मिक आणि वांशिक बाबींत पडायला सक्त मनाई आहे. तरी गैरवापराच्या तक्रारी होतातच.

आणि तिसरं जरा टोचणारं. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७मध्ये सही केली, पण त्याला अंतिम मान्यता आजवर दिलेली नाही. परदेशी कोर्टात भारताने माणूस मागितला, की तिथले वकील हा मुद्दा काढतात. विजय मल्ल्याच्या केसमध्ये, ती आर्थिक गुन्ह्याची होती, ब्रिटिश कोर्टाने आपल्या आर्थर रोड जेलच्या बराकीचा व्हिडिओ मागवला होता. लॉकअपमध्ये दिलेली एक थप्पड पुढे लंडनच्या कोर्टात आपल्याच अंगावर येऊ शकते. आरोपीला नीट वागवणं म्हणजे त्याचे लाड नव्हेत. आपली केस टिकावी म्हणून ते लागतं.

यात तुमचं काय?

बरंच काही. लॉ करणाऱ्यांनो, एनआयए २६/११नंतर महिनाभरात, २००८ संपता संपता, कायद्याने उभी राहिली, आणि २०१९च्या दुरुस्तीने तिला परदेशात घडलेल्या काही गुन्ह्यांचाही तपास करता येतो. अशा केसेसना आंतरराष्ट्रीय कायदा समजणारे वकील लागतात. सायन्सवाल्यांनो, एनएफएसयूचा कॅम्पस गोव्यातही आहे, आणि आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. कॉमर्सवाल्यांनो, पैशाचा माग काढणं हे तर तुमचंच काम.

आणि ‘बीए करून काय होणार’ हे टोमणे ऐकणाऱ्या भाषेच्या मुलांनो, तुम्हीसुद्धा! मुंबई पोलिसांचा पंचनामा मराठीत असतो. विनंतीपत्र पाठवायचं तर त्या देशाला चालेल अशा भाषेत अचूक भाषांतर जोडावं लागतं. ‘ताब्यात घेतलं’ आणि ‘अटक केली’ यातला फरक भाषांतरात हरवला, तर समोरचा वकील तिथेच पकडतो.

शेवटी बाबा

माझे बाबा तेव्हा फोर्टातल्या ऑफिसात होते. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री त्यांनी सीएसटीहून नऊच्या थोडं आधीची लोकल पकडली. डोंबिवलीला उतरल्यावर त्यांना कळलं, की आपण आत्ता सोडून आलो त्या स्टेशनात गोळ्या चालल्यात. मी पाच वर्षांची होते. मला फक्त एवढंच आठवतं, की आई दारात उभी होती आणि बाबा आल्यावर दोघंही बराच वेळ काही बोलले नाहीत.

हा लेख लिहिताना मी बाबांना सालेमची गोष्ट सांगितली. २५ वर्षं, मग सुटका. विचारलं, ‘तुम्हाला राग नाही येत?’

ते म्हणाले, ‘येतो ना.’ मग चष्मा पुसत म्हणाले, ‘पण त्या रात्री जे आले होते, त्यांना कुठलाच नियम नव्हता. आपल्याला आहे. तो जड जातो, हे मान्य. सोडायचा मात्र नाही.’

राग येऊ दे. तो यायलाच हवा. पण पुढच्या वेळी असं एखादं विमान दिल्लीत उतरलं आणि कोणी म्हणालं ‘सरळ उचलून आणायचं ना’, तर त्याला कटिंग पाजा आणि रावळपिंडीच्या कोर्टाने बाद केलेल्या त्या जबाबांची गोष्ट सांगा.

खिशातली डिक्शनरी

प्रत्यार्पण : आरोपी किंवा दोषी माणूस एका देशाने दुसऱ्या देशाला कायदेशीररीत्या सोपवणं. आपल्याकडे यासाठी १९६२चा कायदा आहे आणि काम परराष्ट्र मंत्रालय पाहतं.

हद्दपारी : ‘तू आमच्या देशात राहू शकत नाहीस’ म्हणून परत पाठवणं. अबू जुंदाल भारतात आला तो असा. यात प्रत्यार्पणाइतकी लांबलचक कोर्टाची प्रक्रिया नसते.

एमएलएटी : पुरावा मिळवण्यासाठी दोन देशांमधला साहाय्य करार. भारतात याची जबाबदारी गृह मंत्रालयाकडे.

लेटर रोगेटरी : तपासातल्या मदतीसाठी आपल्या कोर्टाने परदेशाला पाठवलेलं विनंतीपत्र.

दुहेरी गुन्हेगारी : ज्या कृत्यासाठी माणूस मागितला, ते दोन्ही देशांच्या कायद्यात गुन्हा असायला हवं.

रेड नोटीस : वॉरंट नव्हे! (सीनिअर, वाचताय ना?)